ताणाची बांधणी

किशनरावांनी सुरू केलेलं वाक्य किशनरावांनीच संपवलं, असं क्वचितच व्हायचं. त्यांचा आवाज मुळात हळू. त्यात बोलता बोलता थांबायची सवय, कारण पुढचा शब्द बरोबर आहे की नाही याची त्यांना कधीच खात्री नसे. तेवढ्या फटीतून समोरचा माणूस आत शिरायचा. काचीगुड्याच्या भाजीवालीपुढे "मला अर्धा किलो..." म्हणून ते थांबले की ती टमाटे तोलून मोकळी. त्यांना वांगी हवी असायची. पण तोललेले टमाटे परत ठेव म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरी सरुबाई पिशवीत डोकावून विचारायच्या, "पुन्हा टमाटे? कामून?" किशनराव म्हणायचे, "अगं, ती..." आणि सरुबाई म्हणायच्या, "समजलं."

अशा माणसाला पाऊण तासाचं व्याख्यान द्यावंसं वाटावं, ही या गोष्टीतली पहिली चूक. ती त्यांची एकट्याची मात्र नव्हती. त्यांच्या वस्तीतल्या विहारात एक लहानसं वाचनालय आहे आणि तिथं महिन्यातून एका रविवारी कुणीतरी बोलतं. वाचनालयाचे अध्यक्ष एकनाथराव हे वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना माइक दिला तर माइकलाच लाज वाटावी, असा आवाज. ते एकदा सभेनंतर म्हणाले, "किशनराव, जन्मभर रेल्वेच्या ग्रंथालयात बसलात. एवढं वाचलं ते काय बरोबर नेणार? पुढच्या महिन्यात तुम्ही बोला. विषय तुमचा."

विषय तुमचा! हे दोन शब्द किशनरावांना आजवर कुणी म्हटले नव्हते. तारनाक्याच्या प्रशिक्षण संस्थेतलं ते ग्रंथालय, तिथं भिंतीवरच लिहिलेलं असे की बोलू नये. लग्नात विषय सासऱ्यांचा होता, घरात सरुबाईंचा, मुलगा परदेशी गेल्यापासून फोनवर विषय त्याचा. त्या दिवशी ते घरी जरा ताठ चालत आले.

"संविधानावर बोला," सरुबाई म्हणाल्या. "नाहीतर गुडघेदुखीवर. ऐकणारे सगळे त्याच वयाचे हायेत."

पण किशनरावांच्या पोटात एकच विषय होता, आणि तो तरुणपणापासून तिथं पडून होता. विद्यापीठातल्या एका फिल्म क्लबात त्यांनी एक परदेशी चित्रपट पाहिला होता. कृष्णधवल. त्याच्या नावाचा उच्चार कसा करायचा हे त्यांना कधी कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मनातल्या मनात ते त्याला 'कपाचा सिनेमा' म्हणत. एका घरात एक बाई एकटी राहते. रोज संध्याकाळी दोन कप कॉफी करते. एक पिते, दुसरा टेबलावर तसाच ठेवते. एके दिवशी दुसरा कप रिकामा असतो. बस. कुणी मरत नाही, कुणी किंचाळत नाही, रक्ताचा एक थेंब नाही. तरी त्या दिवशी किशनराव तारनाक्याहून काचीगुड्यापर्यंत चालत आले होते, कारण रिकाम्या बसमध्ये चढायची त्यांना छाती झाली नव्हती.

आपण का घाबरलो, हा प्रश्न त्यांनी पुढे जन्मभर चघळला. ग्रंथालयात चित्रपटकलेवरची जी पुस्तकं आली ती त्यांनी वाचली. ती मागवायचेही तेच आणि घरी नेणारेही तेच. पुढे इंटरनेटवर तो चित्रपट सापडला तेव्हा थांबवून थांबवून पाहिला. आणि उत्तर सापडलं. कॅमेरा कुठे ठेवलाय, आवाज कधी बंद केलाय, दृश्य कुठे कापायचं सोडून जरा लांबवलंय, या सगळ्याची एक बांधणी होती, विणकामासारखी. एकेक टाका त्यांना दिसला होता. एवढं मोठं उत्तर सापडलं आणि सांगायला माणूस नाही! आता एकदा, फक्त एकदा, आपलं म्हणणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कुणीतरी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा मोठी नव्हती. पण लहान इच्छांचीच फरफट जास्त होते, असं आपलं मला वाटतं.

व्याख्यानाचं नाव त्यांनी ठेवलं, 'भयपटातील ताणाची बांधणी'. फळ्यावर ते लिहिलं गेलं आणि त्याच संध्याकाळी एकनाथराव दोन सभासदांना घेऊन घरी आले. जय भीम झाला, चहा झाला, मग एकनाथराव खाकरले.

"किशनराव, हे भयपट काय भानगड आहे?"

"म्हणजे भीतीचा चित्रपट. पण तसा नव्हे, मानसिक..."

"भुताचा."

"नाही हो. भूत नाही त्यात."

"भूत नाही, मग भीती कशाची वाटायली लोकांना?"

प्रश्न इतका नेमका होता की किशनरावांना आनंद झाला. पाऊण तासाच्या व्याख्यानाचा हाच तर गाभा होता. ते म्हणाले, "तेच सांगायचंय. जे दाखवत नाहीत त्याचीच..."

"हां! दाखवत नाहीत," एकनाथराव सभासदांकडे वळले. "बघा. बरं, मघाशी चहा घेताना सांगत होतात, तो दुसरा कप कोण पितं?"

"ते दिग्दर्शक सांगत नाही."

"सांगत नाही म्हणजे भूतच की हो! माणूस असता तर सांगितलं असतं. चोरून काय कॉफी पितो माणूस?" एकनाथरावांनी आवाज थोडा मवाळ केला, म्हणजे तो फक्त समोरच्या फ्लॅटपर्यंत ऐकू जाईल इतका. "हे बघा, आपण भूत-प्रेत, अंगात येणं हे सगळं सोडून दिलेली माणसं. आपल्या आजोबांनी गावाबाहेरच्या आसराला नारळ फोडणं बंद केलं, त्याला छाती लागली. आणि आता आपल्याच विहारात, आपल्याच वाचनालयात, शिकलेल्या माणसानं उभं राहून सांगायचं की कप आपोआप रिकामा झाला?"

किशनरावांना सांगायचं होतं की अहो, मीही तेच म्हणतोय. भूत नसतानाही भीती कशी तयार करतात, ती कारागिरी दाखवली की भीतीच उघडी पडते. याहून विवेकाचं काम कुठलं? हे वाक्य त्यांच्या मनात इतकं सुंदर तयार झालं होतं की त्यांनी आरंभी क्षणभर थांबून ते एकदा तपासलं. तेवढ्यात दुसरे सभासद म्हणाले, "'भय' शब्द काढून टाका. नुसतं 'ताणाची बांधणी' ठेवा. शब्दच नाही तर वाद नाही."

ठराव तिथंच चहाच्या बश्यांवर संमत झाला. आणि उठता उठता एकनाथराव म्हणाले, "बाकी आपल्या हॉलच्या फरशीचं काम निघालंय, त्यामुळं पुढचे काही महिने कार्यक्रम बंदच आहेत. तुम्ही बरकतपुऱ्याच्या मंडळात बघा की. मी येतो ऐकायला." मग शब्द कशाला काढला, असं विचारायला किशनराव दारापर्यंत गेले. पण लिफ्ट आली होती.

बरकतपुऱ्याच्या मराठी मंडळाची सहसचिव मृण्मयी योगायोगाने त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मूळ पुण्याची, इथं एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत माणसं सांभाळायचं काम करते. अतिशय चांगली मुलगी. वाईट माणसांशी निदान भांडता तरी येतं. लिफ्टमध्ये किशनरावांनी विषय काढला.

"ताणाची बांधणी," मृण्मयीने उच्चारून पाहिलं. "वॉव काका. म्हणजे स्ट्रेसबद्दल ना?"

"ताण, हो. पण हा ताण प्रेक्षकाच्या..."

"मनात असतो! एक्झॅक्टली. सगळं मनातच असतं. आणि बांधणी म्हणजे त्याला बांधून कसं ठेवायचं."

"नाही, म्हणजे तो हळूहळू वाढवत..."

"वाढत जातो आणि आपल्याला कळतच नाही! काका, आमच्या ऑफिसात यासाठी बाहेरून लोक बोलावतात हो. तुम्ही घरचेच निघालात." तिसरा मजला आला. ती अंगठा दाखवून उतरली. किशनरावांना दुसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, तो मघाशीच गेला होता.

इतकं होऊनही दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या कार्यालयात गेले, कारण आपला विषय कागदोपत्री तरी सरळ व्हावा. तिथं व्यवस्थापक नामदेवराव चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. त्यांनी चष्मा खाली न आणता सगळं ऐकलं.

"चित्रपट दाखवणार?"

"एकच प्रसंग. बाकी बोलणार."

"एक प्रसंग दाखवा की शंभर. चित्रपट म्हटलं की पोलीस ठाण्याची परवानगी, अग्निशमनची परवानगी, आणि ज्याचा चित्रपट त्याची परवानगी. तो कुठं असतो?"

"वारला असेल."

"मग वारसांची." नामदेवरावांनी सहानुभूतीने मान हलवली. "हे बघा, हॉल मिळतो लग्न, बारसं, योग, आरोग्य आणि इतर. 'इतर'ला कार्यकारिणीची बैठक लागते, आणि कार्यकारिणी एकमेकांशी बोलत नाही. आरोग्यात टाकलं तर लगेच मिळतो. मृण्मयीताईंनी सकाळी आरोग्यातच टाकलंय. तुम्ही कशाला हलवता?"

किशनराव म्हणाले, "पण तो विषय आरोग्याचा..."

"आहेच," नामदेवराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा खाली आणला, म्हणजे भेट संपली.

आता स्वच्छ 'नाही' म्हणायला हवं होतं, हे किशनरावांनाही कळत होतं. पण 'नाही' म्हटलं तर हॉल जाणार, हॉल गेला तर पाऊण तास जाणार. ते मनाशी म्हणाले, एकदा उभा राहिलो की पहिल्याच वाक्यात खुलासा करू. पहिल्या वाक्यात सगळं सुधारता येईल, असा विश्वास ज्या माणसाने आयुष्यात एकही वाक्य संपवलं नाही त्याने धरावा, याला काय म्हणावं?

मग तयारी सुरू झाली. किशनरावांनी ठरवलं होतं की बोलण्याची बांधणी चित्रपटासारखीच करायची. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं. आयुष्यभर त्यांचं थांबणं हे अडखळणं होतं. आता पहिल्यांदा ते कलेचा भाग होणार होतं. सकाळी गॅलरीत झाडांना पाणी घालता घालता ते पुटपुटत, "ती बाई एकटी आहे... दार थोडंसं उघडं आहे... आपण तिकडे बघायचं नाही..."

शेजारच्या सत्यवतीअम्मांनी हे चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी सरुबाईंना जिन्यात गाठलं. त्यांची आपली तेलुगू आणि दख्खनीची मिसळ. "सरुबाईगारू, बुरा नक्को मानो. अंकल किसी अकेली औरत के दरवाजे की बातां करते रोज. खुला है बोलते."

"ते?" सरुबाई म्हणाल्या. "दार सताड उघडं असलं तरी आत नाही जायचे. बाहेर उभं राहून परत येतील, टमाटे घेऊन."

तरीही सत्यवतीअम्मांनी किशनरावांना एकदा थांबवून प्रेमाने समजावलं, "अंकल, टेन्शन तीसुकोकंडी. लाइट तीसुकोंडी." टेन्शन घेऊ नका, हलकं घ्या. या शहराचं अख्खं तत्त्वज्ञान त्या दोन वाक्यांत आहे आणि त्यावर इथली माणसं शेकडो वर्षं सुखाने जगत आली आहेत. किशनरावांना मात्र त्या क्षणी जाणवलं की आपण ज्या शहरात ताणाबद्दल बोलणार आहोत, तिथं तो घेणं हाच मुळात अडाणीपणा समजला जातो.

व्याख्यानाच्या दिवशी हॉलच्या दारावर मोठा फलक होता. 'ताणमुक्त जगा! श्री. किशनराव यांच्यासोबत एक शांत सकाळ. मोफत रक्तदाब तपासणी.' फलकावर किशनरावांचा फोटो होता. निरोप समारंभातला. शेजारच्या साहेबांना त्यातून कापून काढलं होतं, पण साहेबांचा हात किशनरावांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. खांद्यावर कुणाचा तरी हात, आणि माणूस नाही. क्षणभर किशनरावांना वाटलं, निदान फलक तरी आपल्या विषयाला धरून आहे.

हॉल भरला होता. हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. काही बायका योगाच्या चटया घेऊन आल्या होत्या. दाराशी टेबल टाकून डॉक्टर निखिल, मृण्मयीचा नवरा, येणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधून आकडे टिपत होता. "आधी आणि नंतर, दोन्ही बघणार," तो म्हणाला. "म्हणजे परिणाम कळतो." पहिल्या रांगेत एकनाथराव बसले होते, हाताची घडी घालून. ते भुतावर नजर ठेवायला आले होते. त्यांच्या शेजारी सरुबाई, पदराचं टोक मुठीत.

मग कळलं की प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला लागत नाही. वायर होती, लॅपटॉप होता, दोघांची तोंडं वेगळी. मृण्मयीने तीनचार जणांना फोन केले, नामदेवराव कपाट उघडून जुन्या वायरी बाहेर काढू लागले, त्यात लग्नातली रोषणाईची माळ निघाली. लोक चुळबुळायला लागले. मृण्मयी कानाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही असंच सुरू करा. लोकांना आवडतं तसं."

किशनराव उठले. पहिल्या वाक्यात खुलासा करायचा होता. ते म्हणाले, "मित्रहो, आज मी ताण घालवण्याबद्दल..." आणि ठरवल्याप्रमाणे थांबले, कारण पुढच्या 'नव्हे' या शब्दाला वजन द्यायचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'नव्हे' टाळ्यांखाली सापडून जागच्या जागी गेला.

समोर पांढरा कोरा पडदा. चित्र नाही. आणि तेव्हा किशनरावांना, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, ऐन वेळी काहीतरी सुचलं. चित्र नाही तर नाही. पडदा माणसाच्या डोक्यात असतो. त्या दिग्दर्शकानेही हेच केलं होतं.

"डोळे मिटा," ते म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. इतक्या माणसांनी आपलं ऐकलं, याचाच त्यांना धक्का बसला.

"एक घर आहे," ते म्हणाले आणि थांबले. कुणीच वाक्य पूर्ण केलं नाही. "संध्याकाळची वेळ. उजेड कमी होतोय. कॅमेरा खाली आहे, खुर्चीच्या उंचीवर. म्हणजे आपण उभे नाही आहोत. आपण बसलोय. त्या टेबलाशी, त्या बाईच्या समोर. आपल्याला उठता येत नाही."

हॉलमध्ये कुणीतरी लांब श्वास सोडला. किशनरावांचा आवाज जरा स्थिर झाला.

"ती दोन कप ठेवते. घाई नाही. दिग्दर्शक कुठलीच घाई करत नाही. संगीत नाही. फक्त बाहेरून ट्राम गेल्याचा आवाज येतो... जातो. थोड्या वेळाने पुन्हा येतो... पुन्हा जातो. आपल्याला त्याची सवय होते. सवय लावायची हे त्याचं काम आहे. माणूस सवयीवर निवांत टेकला, की मग ती काढून घ्यायची." ते थांबले. "आता ट्राम येत नाही."

हॉल इतका शांत झाला की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक दार आहे, थोडंसं उघडं. त्याच्याकडे कॅमेरा बघत नाही. बाईही बघत नाही. कुणीच बघत नाही म्हणून आपण बघतो. तिथं काही हलत नाही. काही हललं असतं तर आपण सुटलो असतो. कारण मग कशाला भ्यायचं हे कळलं असतं. तो आपल्याला ती सुटका देत नाही..."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा हात खुर्चीवरून हळूच खाली घसरला. गळाला! किशनरावांच्या अंगावर काटा आला. बाईंच्या मागच्या गृहस्थांचा जबडा लोंबत होता. चटईवरच्या दोघी तिघी आडव्या झाल्या होत्या, बसवत नव्हतं त्यांना. एकनाथरावांची मान छातीवर पडली होती. एवढा निर्भय माणूस, पण त्याला वर बघवत नव्हतं. किशनरावांना वाटलं, हे सगळे आत्ता माझ्याबरोबर त्या टेबलाशी बसलेत. मी जसा त्या दिवशी बसलो होतो तसे.

"आता कॅमेरा कपावरून बाईच्या चेहऱ्यावर जातो. आणि तिथं राहतो. जितका राहायला हवा त्याहून थोडा जास्त. तेवढ्या जास्तीच्या वेळात आपल्याला कळतं, की मागं, जिथं आपण बघत नाही आहोत, तिथं काहीतरी होतंय. दिग्दर्शकाने काहीही केलेलं नाही. फक्त उशीर केला. भीती म्हणजे तो उशीर... कॅमेरा परत येतो. कप रिकामा आहे."

ते बोलत राहिले. विराम जिथं घ्यायचे तिथंच घेतले. आवाज जिथं उतरवायचा तिथंच उतरवला. चित्रपटाच्या शेवटी बाई एकच कप करते, खुर्चीत बसते, दृश्य काळं होतं आणि त्या काळोखात समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, इथवर ते आले आणि म्हणाले, "म्हणून, मित्रहो, भूत कुठेच नसतं. आपण त्याच्यासाठी जागा ठेवतो, एवढंच." पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणीही, एकदाही, मधे बोललं नव्हतं.

त्या परिपूर्ण शांततेत एकनाथराव घोरले.

सुरुवात बारीक झाली, मग वीज खात्याचा आवाज लागला. त्याने मागच्या रांगेतले चारपाच जण दचकून जागे झाले. त्या सकाळी त्या हॉलमध्ये कुणी दचकलं असेल तर ते एवढंच.

"अप्रतिम," मृण्मयी डोळे चोळत पुढे आली. "काका, मी कित्येक दिवसांत अशी झोपले नव्हते."

डॉक्टर निखिलने पुन्हा सगळ्यांना पट्टे बांधले आणि आकड्यांकडे बघून तो थक्क झाला. जवळजवळ सगळ्यांचाच रक्तदाब उतरला होता. काहींचा गोळीनेही उतरत नाही इतका. एकनाथरावांचा तर तरुण मुलासारखा लागला. ते उठून आले, किशनरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान बोललात. भूत नव्हतं ना शेवटी?"

"नव्हतं," किशनराव म्हणाले.

"मग झालं तर."

एखाद्याने आपल्या जन्मभराच्या अभ्यासावर टीका केली तर तो वाद घालू शकतो. पण रक्तदाबाशी काय वाद घालणार? पाऱ्याने सिद्ध झालं होतं की किशनरावांनी सांगितलेली भीती ऐकून माणसं निवांत होतात. निखिलने शेवटी किशनरावांनाही बसवलं, पट्टा आवळला, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "काका, तुमचा मात्र बराच वर गेलाय. तुम्ही स्वतः काही करत नाही का ताणासाठी?"

त्यांना शाल मिळाली. आभार मानणारे गृहस्थ म्हणाले की दोन कपांच्या रूपकातून वक्त्यांनी सुख आणि दुःख फार सोप्या भाषेत उलगडलं. आणि निघताना मृण्मयीने गाठलंच. "काका, दर रविवारी करूया? लोक विचारतायत. आणि विषय बदलूच नका, हीच गोष्ट. तुमच्या त्या थांबण्यात काहीतरी आहे. माणूस तरंगायलाच लागतो."

"मृण्मयी, ती गोष्ट खरं तर..."

"मनाची आहे! माहितेय काका."

परतताना रिक्षात किशनराव बाहेर बघत बसले. बरकतपुऱ्याचा सिग्नल आला, गेला. सरुबाई शालीची घडी मांडीवर नीट करत होत्या. बऱ्याच वेळाने किशनरावांनी विचारलं, "तू पण झोपलीस?"

"मी कामून झोपते?"

"ऐकलंस शेवटपर्यंत?"

"ऐकलं की."

किशनराव सरुबाईंकडे वळले. विचारू की नको, असं त्यांना झालं, आणि मग विचारलंच. "भीती वाटली?"

"वाटली तर. हात-पाय गार पडले माझे."

"कुठे?" त्यांचा आवाज एकदम चढला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "दारापाशी? ट्राम बंद होते तिथे? का कप..."

"कसला कप," सरुबाई म्हणाल्या. "तुम्ही मधेच गप्प व्हायलात ना, तिथं. प्रत्येक वेळी वाटायचं, गेलं, विसरले. आता एवढ्या लोकांपुढं काय होतंय की. जीव नुसता टांगणीला. मग तुम्ही बोलायलात की जरा श्वास घ्यावा, तर पुन्हा गप्प."

किशनरावांना सांगायचं होतं की ते विराम होते, मुद्दाम घेतलेले, ठरवून. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या हॉलमध्ये त्यांची बांधणी जिला लागू पडली ती ही एकटी. जे दाखवलं नाही त्याचीच तिला भीती वाटली होती, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. फक्त त्या पडद्यावर ते स्वतः होते. हे कौतुक मानावं की काय मानावं, ते त्यांना ठरवता येईना. ते गप्प बसले, आणि सरुबाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं? बोला की."

बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये आता दर रविवारी सकाळी किशनराव ती गोष्ट सांगतात. नाही म्हणणार होते. फोनवर "मला नाही..." इथपर्यंत म्हणालेही होते, आणि मृण्मयी म्हणाली, "जमायला काय झालं?" चटया वाढल्या आहेत, काही जण उशा आणतात. वायर मिळाली, पण आता पडदा कुणाला नको आहे. ते घर, ती संध्याकाळ, ते अर्धवट उघडं दार, सगळं ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सांगतात आणि कुणीही मधे बोलत नाही. टाळ्याही वाजत नाहीत. झोपलेल्यांची झोपमोड होते म्हणून नामदेवरावांनी तशी पाटी लावली आहे. संपलं की किशनराव चपला हातात घेऊन चटयांमधून वाट काढत दारापर्यंत जातात.

सरुबाई मात्र पुन्हा गेल्या नाहीत. किशनरावांनी एकदोनदा सुचवून पाहिलं, एकदा तर सरळ विनवलं. "नको बाई," त्या म्हणाल्या. "मला नाही सोसत ते."